देवाच्या वाटेवरचा नाका

अकबराच्या दरबारात अब्दुल्ला सुलतानपुरी नावाचा एक वजनदार मौलवी होता. ‘मख्दूम-उल-मुल्क’ ही त्याची पदवी. त्याने एकदा फतवा काढला की, हिंदुस्तानातल्या मुसलमानांवर हज आता बंधनकारक राहिलेली नाही. कारणं दोन. खुष्कीने जावं तर वाटेत इराण लागतो आणि तिथल्या शियांची बोलणी खावी लागतात. समुद्राने जावं तर पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्या परवान्यावर मेरी आणि येशूच्या चित्रांचा छाप असतो. असा कागद कनवटीला लावून मक्केला जाणं म्हणजे मूर्तिपूजेपुढे मान तुकवणं. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

अकबराच्याच दरबारातल्या बदायुनी या इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे आणि लिहिताना हातचं काही राखलेलं नाही. जकातीचं, म्हणजे सक्तीच्या धर्मदानाचं, वर्ष भरत आलं की हा मौलवी सगळी मालमत्ता बायकोच्या नावावर करी आणि मुदत टळली की परत घेई, हेही तो सांगून टाकतो. (ही युक्ती अजून जुनी झालेली नाही.) पुढे त्याचं बादशहाशी बिनसलं, तेव्हा अकबराने त्याची रवानगी केली ती नेमकी मक्केला.

फतवा सोयीचा होता हे उघडच आहे. त्यातला प्रश्न मात्र खरा होता. देवाने सांगितलेल्या वाटेवर कुणी तिऱ्हाईत नाका मांडून बसला असेल, तर त्याचा कागद घेऊन पुढे जायचं की मागे फिरायचं? आणि मागे फिरलं तर तो दोष कुणाच्या खाती?

तो कागद म्हणजे कार्ताझ. सोळाव्या शतकात अरबी समुद्रात जहाज हाकायचं तर पोर्तुगिजांकडून, म्हणजे गोवा, दीव अशा त्यांच्या तळांवरून, तो घ्यावा लागे. जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, माणसं किती, हत्यारं किती, माल कोणता, कुठून निघणार, कुठे जाणार, हे सगळं त्यात येई. ठरावीक माल न्यायला बंदी, आणि वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची सक्ती. कार्ताझ नसलेलं जहाज पकडायला मोकळं. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा तिलाही या कागदापायी सुरतेत जवळजवळ वर्षभर खोळंबून राहावं लागलं. १५७६ च्या ऑक्टोबरात तिची जहाजं हलली. भाच्याचं राज्य किनाऱ्यावर संपत होतं.

बरं, कागद घेतला म्हणून निर्धास्त व्हावं, तर तेही नाही. १६१३ साली सुरतेजवळ पोर्तुगिजांनी ‘रहीमी’ हे जहाज धरलं. जहाज जहांगीरच्या आईचं, काम यात्रेकरूंची ने-आण करण्याचं, आणि कार्ताझ रीतसर घेतलेला. तरीही धरलं. चिडलेल्या जहांगीरने दमणवर फौज धाडली, पण ती पुढची गोष्ट. कोकणात कान्होजी आंग्र्यांनी नंतर हाच डाव उलटा खेळून दाखवला: आमच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आमचं दस्तक घेतलं पाहिजे. इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं. स्वतः इंग्रज जे परवाने देत, त्यांना मात्र ते कायदा म्हणत.

यात्रेकरूच्या बाजूचं उत्तर इस्लामी धर्मशास्त्राने फार आधी देऊन ठेवलं होतं. हज फर्ज आहे ती ज्याला तिथवर जाता येईल त्याच्यावर. ‘जाता येणं’ म्हणजे नेमकं काय, याचा फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, शतकानुशतकं कीस पाडला. वाटखर्च हवा, वाहन हवं, मागे राहिलेल्या कुटुंबाची तरतूद हवी, आणि वाट निर्धोक हवी. वाट धोक्याची असेल तर माणसाला माफी आहे. म्हणजे मख्दूम-उल-मुल्काने नवं काही काढलं नव्हतं. जुन्या सवलतीला त्याने परवान्यावरच्या चित्राचं निमित्त जोडलं, एवढंच.

हिंदू बाजूला कथा निराळी आहे, कारण तिथे नाक्यावर धर्मच बसला होता. समुद्रपर्यटन कलिवर्ज्यात, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींत, टाकलेलं. सिंधू ओलांडायची नाही, ओलांडली तर परतल्यावर प्रायश्चित्त. या बाबतीत राघोबादादांचं उदाहरण मोठं गमतीचं आहे. १७५८ साली ज्यांच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या, ज्यावरून ‘अटकेपार झेंडे’ आपल्या बोलण्यात आले, त्याच राघोबांनी पुढे पेशव्यांच्या गादीच्या भांडणात इंग्रजांकडे दाद मागायला हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि मणियार रतनजी नावाचे पारशी गृहस्थ विलायतेला पाठवले. १७८१ साली ही मंडळी इंग्लंडात होती. तिथे एडमंड बर्क या नामवंत संसदपटूने त्यांना आपल्या घरी आसरा दिला आणि हणमंतरावांच्या सोवळ्याओवळ्याचीही सोय पाहिली. परतल्यावर या वकिलीला गेलेल्या ब्राह्मणांना सोन्याच्या योनीप्रतिमेतून बाहेर काढून ‘पुन्हा जन्माला’ घातलं गेलं, अशी नोंद फ्रान्सिस विल्फर्ड या कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्याने केली आहे. परदेशातून आलेला माणूस जुना राहत नाही, त्याचा नवा जन्मदाखला काढावा लागतो, अशी ही समजूत.

आता या दोन्ही परंपरा शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट ध्यानात येते. दोन्हींकडे हिशेब मागितला जातो तो जाणाऱ्याकडे. एकीकडे त्याला माफी, दुसरीकडे त्याला प्रायश्चित्त. वाट अडवून बसलेल्याच्या पापपुण्याची चौकशी या हिशेबात होत नाही. यात्रेकरू सुटतो, ते ठीकच. पण नाकेदारही त्याच दाराने सुटून जातो.

निदान एका राजाला हे खटकलं होतं, आणि तोही अकबरच. १५६३ साली मथुरेच्या परिसरात असताना त्याने हिंदू यात्रेकरूंवरचा कर उठवला. त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजलने त्यामागचा जो विचार नोंदवला आहे तो थोडक्यात असा: माणसं आपापल्या समजुतीनुसार ईश्वराकडे चालली आहेत, त्यांची समजूत चुकीची वाटली तरी त्या वाटेवर पैशाची धोंड टाकणं ईश्वराला आवडणारं नाही. इथे दोष नाकेदाराच्या खाती मांडला आहे. मांडणारा स्वतः खजिन्याचा मालक होता, म्हणून त्याला वजन आहे.

युरोपात हाच विषय १७९५ साली कायद्याच्या भाषेत मांडला गेला. कोनिग्सबर्ग शहराबाहेर फारसं न पडलेल्या इमान्युएल कांटने शाश्वत शांततेवरच्या आपल्या निबंधात लिहिलं की, परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे. यजमानाचा चांगुलपणा त्याने यात धरलेलाच नाही. पाहुण्याचा हक्कच धरला. कारण पृथ्वी गोल आहे, माणसं तिच्यावर अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत, कधी ना कधी एकमेकांच्या दारात येणारच. पण कांटने लगेच कुंपणही घातलं. हा हक्क भेट देण्याचा, राहण्याचा नाही. पाहुण्याला परतही लावता येईल, फक्त त्यात त्याचा जीव जाता कामा नये.

भेट देण्याचा हक्क आणि राहण्याचा हक्क यांतली ही रेघ आजच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात उमटलेली दिसते. यात्रेकरूच्या बाबतीत ती किती ताणता येते, हे पाहायला १९७४ हे साल सोयीचं आहे. त्या एका वर्षात भारताने दोन शेजाऱ्यांशी यात्रेकरूंबद्दल लिहून घेतलं, आणि दोन्ही लिखाणांची भाषा अगदी वेगळी आहे.

जूनमध्ये श्रीलंकेशी सागरी सीमेचा करार झाला. पाल्कच्या सामुद्रधुनीतलं कच्चतीवू हे सुमारे २८५ एकरांचं निर्मनुष्य बेट श्रीलंकेकडे गेलं. तिथे पिण्याचं पाणी नाही, वस्ती नाही. आहे ते संत अँथनीचं, मच्छीमारांच्या या कैवाऱ्याचं चर्च. या चर्चसाठी करारात एक कलम आहे. भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरू आजवर जसे येत होते तसे येत राहतील, आणि त्यासाठी श्रीलंका त्यांच्याकडे प्रवासाची कागदपत्रं किंवा व्हिसा मागणार नाही. ‘आजवर जसे’ हे त्यातलं खरं बळ आहे. वहिवाट आधीची, रेघ नंतरची, हे दोन सरकारांनी लेखी मान्य केलं.

सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी धर्मस्थळांच्या भेटींबाबत करारपत्र झालं. त्यात याद्या आहेत. भारतातली अजमेर, निजामुद्दीन, अमीर खुस्रोंची कबर, सरहिंद आणि कलियर शरीफ ही स्थळं. पाकिस्तानातली ननकाना साहिब वगैरे. ठरलेल्या उत्सवाला, ठरलेल्या संख्येने, जथ्याने जायचं आणि जथ्यानेच यायचं. फाळणीआधी हीदेखील वहिवाटच होती, पण हे पत्र वहिवाटीचं नाव काढत नाही. इथे सरकार देतं आणि यात्रेकरू घेतो.

पहिल्या पद्धतीत हक्क मान्य केला जातो, दुसरीत मेहेरबानी केली जाते. तत्त्व म्हणून पहिलीच सरस, यात शंका नको. पण व्यवहारात काय होतं हे रामेश्वरमच्या धक्क्यावर कळतं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दोन दिवसांची जत्रा भरते. पासपोर्ट लागत नाही हे खरं. पण आधी नाव नोंदवावं लागतं, ओळखपत्र दाखवावं लागतं, कोणत्या बोटीत कोण याची यादी होते, धक्क्यावर पिशव्या तपासल्या जातात, आणि गेलेली बोट तीच माणसं घेऊन परतली का, हे मोजलं जातं. तिकडे जाफनाकडून तमिळ भाविक येतात. ध्वज चढतो, रात्री पालखीसारखी रथाची मिरवणूक निघते, वाळूवर झोप, सकाळी तमिळमध्ये मिस्सा, की बोटी माघारी.

आता यातली खरी मेख. रामेश्वरमचा जो माणूस या दोन दिवसांत भाविक म्हणून कच्चतीवूला उतरतो, तो एरवी मच्छीमार असतो. तीच बोट, तेच पाणी. हातात जपमाळ असेल तर करार त्याच्या पाठीशी. जाळं असेल तर श्रीलंकेचं नौदल त्याला धरतं, कारण १९७६ च्या पत्रव्यवहारात एकमेकांच्या पाण्यात मासेमारी न करण्याचं ठरलं. संत अँथनी ज्याच्या पोटापाण्यासाठी नवसाला पावतो, त्याला संताकडे जाता येतं आणि पोटापाण्याकडे नाही. २०२४ साली रामेश्वरमच्या मच्छीमारांनी आपल्या साथीदारांना तुरुंगात टाकल्याच्या निषेधार्थ जत्रेवरच बहिष्कार घातला. मिळत असलेली वाट त्यांनी स्वतःहून नाकारली. परवान्याविरुद्ध यात्रेकरूला वापरता येणारं बहुधा एवढंच हत्यार आहे.

म्हणजे नाका माणसाला अडवत नाही, हेतूला अडवतो. आणि हेतू तपासायचा कसा? पूजेला बसलेल्या यजमानाकडून भटजी संकल्प म्हणवून घेतात. कोणता शक, कोणती तिथी, गोदावरीच्या कोणत्या तीरावर, गोत्र कोणतं, नाव काय, आणि हे सगळं कशासाठी. सीमेवरच्या आगमनपत्रिकेत रकाने जवळजवळ हेच. फरक असा की भटजी पुढचा मंत्र म्हणायला लागतात. अधिकारी मान वर करून पाहतो आणि हॉटेलचं बुकिंग विचारतो. हजची सुरुवातही ‘नियत’ने, म्हणजे मनातल्या निश्चयाने होते. धर्म हेतूवर विश्वास ठेवतो कारण पडताळणारा दुसरा कुणी आहे अशी त्याची श्रद्धा असते. राज्याला ती सोय नाही, म्हणून ते परतीचं तिकीट मागतं.

राज्याचा हा संशय नेहमीच खोटा असतो असंही नाही. १८६५ साली हजच्या यात्रेत पटकीने हजारो माणसं मेली आणि परतणाऱ्या जहाजांतून ती साथ युरोपात गेली. त्यानंतर यात्रेकरूंची जहाजं हा आंतरराष्ट्रीय परिषदांचा विषय झाला. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर १८८२ पासून विलगीकरणाचं ठाणं होतं. मुंबईहून निघालेल्या यात्रेकरूला मक्का दिसण्याआधी हे बेट दिसे: उतरा, कपडे वाफेत द्या, अंघोळ करा, दिवस मोजा. सरकारने मुंबईत यात्रेकरूंसाठी वेगळे पास काढले, थॉमस कुक कंपनीला १८८६ साली या वाहतुकीची व्यवस्था सोपवून पाहिली. जेद्दाच्या बंदरात परतीला पैसे नसलेले हिंदी यात्रेकरू अडकून पडत, म्हणून १९२० च्या दशकात परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत आधीच भरण्याचा नियम आला.

नियम माणुसकीचाच होता. पण त्या गर्दीत अशीही म्हातारी माणसं असत जी परत यायला निघालेलीच नसत. मदिनेच्या मातीत देह पडावा ही त्यांची आस. काशीला जाऊन राहणाऱ्या आपल्या वृद्धांसारखीच. परतीच्या तिकिटाचा नियम त्यांना सांगत होता की, मरणाचा हेतू या रकान्यात बसत नाही. मुंबई ते जेद्दा ही जहाजी वाट १९९५ साली थांबली.

कांटची रेघ सगळ्यात काटेकोरपणे आखलेली कुठे दिसत असेल, तर ती कर्तारपूरला. गुरू नानकांनी आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं रावीच्या काठी या गावात काढली, शेती केली, लंगर चालवलं आणि १५३९ मध्ये तिथेच देह ठेवला. देहाचं काय करायचं यावरून हिंदू आणि मुसलमान शिष्यांत वाद झाला, चादर उचलली तर खाली फुलं निघाली, ती दोघांनी वाटून घेतली, अशी कथा आहे. तिथे समाधीही आहे आणि कबरही. फाळणीत रॅडक्लिफच्या रेषेने गुरदासपूर जिल्हा चिरला, शकरगढ तालुका पलीकडे गेला आणि त्याच्याबरोबर कर्तारपूर. सीमेपासून गुरुद्वारा जेमतेम साडेचार किलोमीटर. अलीकडच्या डेरा बाबा नानकला दुर्बिणी लावलेला चौथरा होता. भाविक रांगेने डोळा लावून दर्शन घेत. फाळणीनंतर शिखांच्या अरदासीतच मागणं आलं की, पंथापासून तुटलेल्या गुरुद्वारांचं मोकळं दर्शन घडो. सीमाप्रश्न रोजच्या प्रार्थनेत येण्याचं दुसरं उदाहरण सहजी सापडणार नाही.

याच गुरदासपूर जिल्ह्यात घुमान आहे. पंढरपूरचे नामदेव तिथवर चालत गेले, उतारवयात तिथे राहिले, आणि त्यांच्या ६१ रचना गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्याने. नांदेडच्या हजूर साहिबवरून निघालेली सचखंड एक्स्प्रेस आजही अमृतसरला जाते, आणि त्या गाडीतून उतरून कर्तारपूरला जाऊ पाहणाऱ्या नांदेडकराची वाट मे २०२५ पर्यंत पुढे अशी असे. अर्ज ऑनलाइन, आधीच करायचा. भारत दहा दिवस आधी यादी पाकिस्तानला देई, ते चार दिवस आधी होकार कळवत. व्हिसा नाही, पण पासपोर्ट हवा. आणि त्या पासपोर्टवर शिक्का मारायचा नाही. सामान सात किलोपर्यंत. वीस डॉलर शुल्क. दिवसाला पाच हजार माणसं. शून्य रेषेपर्यंत अलीकडची गाडी, पुढे पलीकडची बस. गुरुद्वाराच्या आवाराबाहेर पाऊल नाही. लंगरात बसा, जेवा, आणि संध्याकाळच्या आत परत.

९ नोव्हेंबर २०१९ ला ही वाट उघडली. धर्म कोणताही असो, जाता येतं, हे करारातलं कलम नानकांच्या गावाला शोभणारं आहे. शिक्का नसलेला पासपोर्ट ही तर तत्त्वज्ञांनी विचार करावा अशी चीज. माणूस गेला आणि आला, पण कागदोपत्री त्याने देश सोडलाच नाही. दोन्ही राज्यांनी मिळून भेटीचा हक्क इतका बारीक केला की त्याची खूणही मागे राहू नये. हे औदार्य की खबरदारी, ते ठरवणं कठीण आहे, बहुधा दोन्ही.

वीस डॉलरांवरून मात्र सुरुवातीपासून खटका आहे. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी त्याला जिझिया म्हटलं. शब्द राजकारणाचा होता. अकबराने १५६३ साली उठवलेल्या यात्राकराशी त्याचं नातं जास्त जवळचं, पण ती आठवण कुणी काढली नाही. भारताने शुल्क रद्द करण्याची मागणी पुन्हा पुन्हा केली, २०२४ च्या ऑक्टोबरात कराराचं नूतनीकरण होतानाही केली. करार पाच वर्षांनी वाढला, शुल्क राहिलं.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे वाट बंद झाली होती, नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडली. मे २०२५ मध्ये दोन देशांत लढाई पेटली तेव्हा भारताने आपल्या बाजूने ती पुन्हा थांबवली. कारण सांगितलं गेलं सुरक्षेचं. अरदास थांबायचं कारण नव्हतं, आणि जाऊ न शकलेल्या कुणालाही कुठला दोष लागत नाही, हे ग्रंथींना विचारायचीही गरज नव्हती. करार कुणी मोडलेला नाही. कागदावर तो ऑक्टोबर २०२९ पर्यंत चालू आहे, वीस डॉलरांसकट.